ज्यूलीच्या गाठीचं ऑपरेशन करायचं का?

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो. आमची ज्यूली जर्मन शेफर्ड आहे, साडेदहा वर्षांची, वजन ३२ किलो. गणपतीच्या सुमारास तिच्या मागच्या उजव्या पायाची नखं फरशीवर घासल्याचा आवाज यायला लागला. आम्हाला वाटलं, जिन्यावरून पडली असेल. एक्स-रे काढला, मणके झिजलेत म्हणाले, पंधरा दिवस गोळ्या दिल्या. काही फरक नाही. आता दोन्ही पाय लटपटतात, पंजा उलटा पडतो, वळताना खाली बसते. रडत-कण्हत मात्र नाही, जेवण व्यवस्थित. पुण्याला नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी डीजनरेटिव्ह मायलोपॅथीचा, म्हणजे मज्जारज्जू झिजत जाण्याच्या आजाराचा संशय सांगितला, एमआरआय आणि जीनची टेस्ट करा म्हणाले. त्यातच पोटाला डाव्या बाजूच्या शेवटच्या सडाशेजारी गाठ लागली. दिवाळीत बोराएवढी होती, आता आवळ्याएवढी झालीय. तिची नसबंदी केलेली नाही, पिल्लंही कधी झाली नाहीत. इथले डॉक्टर म्हणतात, म्हातारं कुत्रं, गाठीला हात लावू नका. दीर म्हणतात, इंजेक्शन देऊन मोकळं करा, हे हाल बघवत नाहीत. सासूबाई दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जातात, त्या म्हणतात, असलं पाप घरात नको. मिस्टर गेल्यापासून चार वर्षं ही माझ्या पायाशी झोपते. या गाठीमुळंच पाय गेले का? ऑपरेशन करू का नको? दीर म्हणतात ते बरोबर का? आणि माझंच काही चुकलं का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर तुमची झोप अडलेली असणार, पण मी आधी ऑपरेशनचं सांगतो, कारण त्याला मुदत आहे.

छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. दोन्हींत काही निघालं नाही तर गाठ काढा, आणि याच महिन्यात काढा. एमआरआय आणि जीनच्या टेस्टसाठी बाजूला ठेवलेले पैसे तसेच राहू द्या, ते दुसरीकडं लागणार आहेत. आणि दीरांना सांगा, त्यांचा जीव तुटतोय हे मला कळतंय, पण ती वेळ अजून आलेली नाही.

'म्हातारं कुत्रं, गाठीला हात लावू नका' हा सल्ला तसा वाईट नाही. मीही तो अनेकांना दिलाय. चालतं-फिरतं बारा वर्षांचं कुत्रं असेल, गाठ बरगडीवर असेल, वाढत नसेल, तर मी सुरी उचलत नाही. पण ज्यूलीची गाठ कुठं आहे ते बघा. शेवटच्या सडाशेजारी, म्हणजे मांडीच्या खोबणीलगत. येत्या काही महिन्यांत तिचे मागचे पाय पूर्ण जातील. मग ती पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढायला लागेल. कुत्री अशी ओढत चालते तेव्हा फरशीवर नेमकी हीच जागा घासते. आवळ्याएवढी गाठ रोज दहा वेळा फरशीवरून खरडली की कातडी फुटते. त्यावर लघवी लागते, जखम चिघळते, आणि जूनमध्ये आपल्याकडचा पाऊस सुरू झाला की माश्या बसून दोन दिवसांत अळ्या पडतात. मी अशा जखमा साफ केल्या आहेत, ताई. त्या कुत्र्यांचे हाल पायामुळं होत नव्हते, या जखमेमुळं होत होते.

म्हणून ज्यूलीचे पाय आणि तिची गाठ यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही. पायाच्या डॉक्टरांनी पाय बघितले, गाठीच्या डॉक्टरांनी गाठ बघितली. पाय जाणार आहेत म्हणूनच गाठ आत्ता काढायची आहे, तीही ज्यूली स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते तोवर.

आता पायांचं. पुण्याच्या डॉक्टरांचा संशय मला बरोबर वाटतो. घरी एक करून बघा. ज्यूलीला उभी करा, एकानं पोटाखाली हात घालून तिचा तोल सांभाळा. दुसऱ्यानं मागचा एक पंजा हळूच उलटा करून बोटांची वरची बाजू फरशीला टेकवून ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. निरोगी कुत्रं डोळ्याचं पातं लवायच्या आत पंजा सरळ करतं. ज्यूली तशीच उभी राहील, तो पाय जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मग मधल्या दोन बोटांची नखं बघा. ती वरच्या बाजूनं कानस मारल्यासारखी सपाट झालेली असतील. तुम्हाला गणपतीत ऐकू आलेला आवाज त्या नखांचा होता. आजार त्याच्याही आधी सुरू झालेला असणार.

या आजारात पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू झिजत जातो. त्यातले तंतू आणि त्यांच्यावरचं आवरण, दोन्ही जातात. सुरुवात साधारण छातीमागच्या भागात होते, त्यामुळं पुढचे पाय ठणठणीत आणि मागचे परके, असं चित्र दिसतं. आधी एक पाय जास्त, मग दुसरा. १९७३ साली जर्मन शेफर्डमध्ये याचं पहिलं नीट वर्णन झालं, पुढं बॉक्सर, कॉर्गी आणि इतर बऱ्याच जातींत तो सापडला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एसओडी-१ नावाच्या जीनमधला दोष शोधून काढला. माणसांना ए.एल.एस. नावाचा मज्जातंतूंचा आजार होतो, त्यातल्या काही रुग्णांत याच जीनचा दोष असतो, ते १९९३ मध्येच कळलं होतं. त्या रुग्णांसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत एका औषधाला मान्यताही मिळाली. कुत्र्यांसाठी अजून काही नाही. बी-१२ ची इंजेक्शनं, स्टिरॉइड, काढे यांतलं काहीही हा आजार थांबवत नाही, आणि कुणी थांबवतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

मोठ्या कुत्र्यात पहिल्या लक्षणापासून सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय चालेनासे होतात. पुढं लघवी-शीवरचा ताबा सुटतो, आणि त्यानंतरही ठेवलं तर पुढचे पायही अशक्त होतात. ज्यूलीला पाचेक महिने झालेत. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी ती बसेल असं धरून तयारी करा. उशिरा बसली तर आनंदच आहे.

या आजारात दुखत नाही. ज्यूली कण्हत नाही ती सोसते म्हणून नव्हे, तिला खरंच पाठीत कळ नाही. हे दीरांना मुद्दाम वाचून दाखवा. लटपटणारं कुत्रं बघून आपल्या पोटात कालवतं, पण त्या वेळी तिचं लक्ष स्वयंपाकघरातल्या अंड्याकडं असतं.

गाठीमुळं पाय गेले का, असं तुम्ही विचारलंत. स्तनाचा कॅन्सर क्वचित हाडांत, मणक्यांतही जातो, म्हणून प्रश्न रास्त आहे. पण मणक्यात गाठ झाली तर सहसा दुखतं, आणि भरभर वाढतं. ज्यूलीचं नख गाठीच्या आधी घासायला लागलं, आणि पाच महिन्यांत एकदाही ती ओरडली नाही. तरीही डॉक्टरांना मानेपासून शेपटीपर्यंत एकेक मणका अंगठ्यानं दाबून बघायला सांगा. कुठं ती दचकली, वळून बघितलं, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्या जागेचा तपास करा. तेव्हा एमआरआयचा खर्च सार्थकी लागेल. कारण मणक्यातली गादी सरकली असेल तर ऑपरेशननं पाय परत येऊ शकतात, तिथं वेळ घालवून चालत नाही.

दुखत नसेल तर मात्र एमआरआय बहुधा 'दुसरं काही नाही' एवढंच सांगेल. मायलोपॅथीची पक्की खात्री कुत्रं गेल्यावर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होते. जीनच्या टेस्टचंही तसंच. दोन्ही दोषी प्रती निघाल्या तर संशय बळावतो, पण दोन्ही असूनही जन्मभर धावणारी कुत्री आहेत. आणि निकाल काहीही आला तरी उद्या सकाळी तुम्ही ज्यूलीसाठी जे करणार ते बदलत नाही. पिल्लं काढायची असती तर मी आग्रहानं ही टेस्ट करायला लावली असती. नर-मादी दोघांची करून मग जोडी लावणाऱ्यांनी तर ती केलीच पाहिजे, पण ते ज्यूलीचं काम नाही.

'मणके झिजलेत' या निदानाबद्दल इथल्या डॉक्टरांवर रागावू नका. या वयाच्या शेफर्डचा एक्स-रे काढला तर मणक्यांना काटे फुटलेले दिसतातच. ते खरे असतात, फक्त पाय त्यांच्यामुळं जात नसतात. एक्स-रेत हाड दिसतं, आतली दोरी दिसत नाही. मी स्वतः ही चूक केलीय. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचा अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्डच, माझ्याकडं आणायचे. हंगाम होता, मालक चुलवाणावरून उठून, हाताला काकवीचा वास घेऊन यायचे. मी एक्स-रे बघितला, संधिवात ठरवला आणि चार महिने स्टिरॉइड देत राहिलो. पाय सुधारले नाहीत. मांड्यांचं मांस मात्र उतरलं, आणि लघवीला जंतुसंसर्ग झाला तो वेगळाच. शेवटी मालकच म्हणाले, "डॉक्टर, ह्येला काय दुखतंय असं मला दिसत न्हाई, मग तुमी दुखण्याचं औषध कशाला देताय?" त्यांचं बरोबर होतं. पंजा उलटा करून बघायला मला पाच सेकंद लागली असती. तेव्हापासून मागून लटपटणारं कुत्रं आलं की मी आधी पंजा उलटा करतो आणि मग एक्स-रे मागतो.

आता गाठ. कुत्रीला दोन्ही बाजूंना मिळून साधारण दहा सडं असतात, आणि मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त होतात. यांतल्या ढोबळमानानं निम्म्या साध्या असतात आणि निम्म्या कॅन्सरच्या. गाठ पट्टीनं मोजा. तीन सेंटीमीटरच्या आत असेल, बोटांत धरून हलवता येत असेल, वरची कातडी शाबूत असेल, तर चांगली बाजू आहे. खाली घट्ट चिकटलेली, फुटलेली, महिन्याभरात दुप्पट झालेली असेल तर संशय जास्त. आवळ्याएवढी गाठ नेमकी त्या तीन सेंटीमीटरच्या उंबरठ्यावर आहे, घाई करायला सांगतोय ते यामुळंही. आणि एक रूप असं असतं की पोटाचा सगळा भाग लाल, गरम, सुजलेला, हात लावू न देणारा होतो. तसं दिसलं तर सुरी अजिबात लावू देऊ नका, त्यानं हाल वाढतात.

सुईनं पाणी काढून तपासणं स्वस्त आहे, पण स्तनाच्या गाठीत त्यावरून साधी का वाईट हे खात्रीनं ठरत नाही. काढलेली गाठच तपासणीला पाठवायची. पैसे इथं खर्च करा, टाळू नका. छातीचा एक्स-रे एकच काढून भागत नाही. उजवी कूस, डावी कूस आणि उताणी किंवा पालथी असे तीन मागा, फुप्फुसातली बारीक गाठ एका बाजूनं लपते. सोनोग्राफी दोन गोष्टींसाठी. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू साठतो, तो आहे का ते कळेल. आणि प्लीहा, म्हणजे स्प्लीन. जर्मन शेफर्डला प्लीहेत रक्तवाहिन्यांचा कॅन्सर होतो, तो वरून काहीच दाखवत नाही आणि एके दिवशी आतल्या आत फुटतो. फुप्फुसात गाठी किंवा प्लीहेत गोळा निघाला तर पोटावरच्या गाठीचं ऑपरेशन रद्द. मग ती जागा मऊ कापडानं झाकून ठेवायची, दुखणं राहणार नाही एवढं औषध, आणि उरलेले दिवस सुखाचे.

सगळं स्वच्छ आलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा: फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढा. एका बाजूची सगळी रांग काढायचं मोठं ऑपरेशन नको. गर्भाशयात पू नसेल तर त्याच वेळी नसबंदीही उरकू या, हेही नको. भूल जेवढी थोडी तेवढं बरं. ऑपरेशनच्या आधी रक्त, किडनी, लिव्हर तपासून घ्या. संध्याकाळी ती शुद्धीवर आली की पट्ट्याच्या आधारानं तिला उभी करायचीच. टाके आहेत म्हणून आठ दिवस कोपऱ्यात झोपवून ठेवलं तर मांडीचं जे मांस उतरेल ते पुन्हा भरणार नाही. साध्या कुत्र्याला विश्रांती लागते, मायलोपॅथीच्या कुत्र्याला ती महागात पडते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना हे तुम्ही होऊन सांगा.

रिपोर्ट कॅन्सरचा आला तर? तरी मी किमोच्या मागं लागणार नाही. तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढा, एवढंच. लहान गाठ वेळेत निघाली असेल तर ती परत उद्भवून त्रास देईपर्यंत मज्जारज्जूचा आजारच बहुधा पुढं गेलेला असेल. या ऑपरेशननं ज्यूलीचं आयुष्य वाढवायचं नाही, तिच्या पोटाखालची कातडी शेवटपर्यंत शाबूत ठेवायची आहे.

माझं काही चुकलं का, या प्रश्नाकडं येतो. जिन्यानं पाय गेले नाहीत. भाकरीनं, दुधानं, फरशीच्या गारव्यानं गेले नाहीत. तो दोष ती जन्माला घेऊन आली, तुमच्या उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल टाकलं त्याच्याही आधी. गाठीबद्दल मात्र खोटा दिलासा देत नाही. नसबंदी लवकर केली असती तर गाठीचा धोका बराच कमी झाला असता. १९६९ च्या एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या कुत्रींत हा धोका न केलेल्यांच्या मानानं जेमतेम अर्धा टक्का निघाला, एका माजानंतर ८ टक्के, त्यानंतर २६ टक्के. पण शेफर्डमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचे आजार वाढतात असं २०१६ च्या अभ्यासात दिसलं, आणि योग्य वय कोणतं यावर आम्हा डॉक्टरांचंच अजून एकमत नाही. दहा वर्षांपूर्वी तुम्हाला हे कुणी समोर बसवून सांगितलं होतं का? नसेल तर तो दोष आमच्या पेशाचा आहे, तुमचा नाही.

औषध नाही म्हटलं तरी या आजारात करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक कोल्हापुरातच होतं.

सगळ्यात मोठा उपाय व्यायाम आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराच्या कुत्र्यांचे तीन गट होते. रोज भरपूर फिजिओथेरपी मिळालेली कुत्री सरासरी २५५ दिवस जगली, मध्यम मिळालेली १३०, अजिबात न मिळालेली ५५. कुत्री थोडी होती, त्यामुळं आकड्यांना वेदवाक्य मानू नका, पण दिशा स्पष्ट आहे. एकदम लांब फेरी नको. दिवसातून चार-पाच वेळा, पाच ते दहा मिनिटं, संथ चाल, मातीवर किंवा गवतावर. दमायच्या आधी थांबायचं. घरी आल्यावर कुशीवर झोपवून मागचा एकेक पाय सायकल मारल्यासारखा दहा-पंधरा वेळा फिरवायचा, मग पंजाची बोटं एकेक करून मोकळी करायची.

तुमच्या पेठेत तालमींना तोटा नाही, आणि एखादा वस्ताद मालिश करायला आनंदानं येईलही. येऊ द्या, पण दोन अटी. तेल नको, ती चाटेल आणि पाय आणखी घसरतील. आणि पैलवानाच्या मांडीला लावतात तेवढा जोर नको. पोळीच्या कणकेला लावता तेवढा हात पुरे. गरम विटेचा किंवा पाण्याच्या पिशवीचा शेक तर नकोच. पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी तिला कळणार नाही. घरातली डोकेदुखीची गोळी, आयब्रुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, यांतलं काहीही स्वतःच्या मनानं देऊ नका. कुत्र्याच्या पोटात आणि किडनीत-लिव्हरमध्ये ती विषासारखी लागू शकतात.

पाण्यातला व्यायाम उत्तम, म्हणून कुणी रंकाळ्यात न्या म्हणेल. नका नेऊ. ऑपरेशनच्या टाक्यांना आणि अशक्त कुत्र्याला ते पाणी चालणार नाही. टाके सुटल्यावर गच्चीत मोठ्या टबात पोटापर्यंत कोमट पाणी घेऊन उभी केलीत तरी पुष्कळ.

फरशी हा तिचा आत्ताचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी मॅट किंवा गोणपाट अंथरा, कडा चिकटवून टाका. जुनं नऊवारी असेल तर चौपदरी घडी घालून पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर हातात धरा. चालताना पाठ वर उचलायची नाही, फक्त तोल द्यायचा. ३२ किलोचं ओझं आहे, तुमची स्वतःची पाठ सांभाळा. तिचं वजन दोन-तीन किलोनं उतरवा. ताटातलं रश्श्याचं मटण देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतात, मग तो रस्सा तांबडा असो वा पांढरा.

पंजाच्या वरच्या बाजूला जखम व्हायच्या आधी बूट हवा. विकत मिळतात ते बऱ्याचदा सैल होऊन निघतात. मी लोकांना चप्पल लाईनला पाठवतो. आपल्या कारागिरांच्या हाताला पायाचं माप पटकन कळतं. कागदावर पंजा टेकवून आकार काढून न्या. चपलेचं कडक चामडं वापरू नका म्हणावं. मऊ कातडं किंवा जाड कापड, पुढच्या टोकाला पातळ रबर, वर पट्टी. घरात असताना काढून ठेवायचा, बोटांत ओल राहू द्यायची नाही.

आणि गाडी. एमआरआयचे वाचलेले पैसे इथं लावा. मागच्या पायांना आधार देणारी दोन चाकांची गाडी तयार मिळते, पण उद्यमनगरात एखादा फॅब्रिकेशनवाला ॲल्युमिनियमच्या पाइपची बनवून देईल. चार मापं घ्या: ज्यूली आधारानं सरळ उभी असताना जमिनीपासून मांडीच्या खोबणीपर्यंत उंची, कमरेची रुंदी, खांद्यामागून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, आणि छातीचा घेर. मांडीखालच्या गोल कड्यांना जाड फोम हवा. त्या कड्या जिथं टेकतात ती जागा टाक्यांपासून फार लांब नाही, म्हणून जखम पूर्ण भरेपर्यंत तिला गाडीला जोडू नका. गाडी आत्ताच बनवून ठेवा. पाय पूर्ण जायच्या आधी सवय झालेलं कुत्रं तिच्यात धावतं. नंतर बसवलं तर बरीच कुत्री नुसती उभी राहतात.

ती बसल्यावर दर चार तासांनी कूस बदला, कोपर आणि खुब्याची हाडं रोज बोटांनी चाचपा, लघवी लागलेली जागा कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा. मूत्राशय हातानं दाबून रिकामं करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या. आणि रोज सकाळी ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढऱ्याफटक दिसल्या, पोट एकदम फुगलं, ती कोसळली, तर प्लीहेतून रक्त जातंय असं समजून लगेच निघा, सोनोग्राफी पूर्वी स्वच्छ आली असली तरी.

शेवटी तुमच्या घरातला वाद. सासूबाईंशी भांडू नका. दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री असतात, त्या दत्ताला वाडीला नमस्कार करून आलेल्या बाईला ज्यूलीचा जीव घ्यायचं बोलणं जड जाणारच. त्यांना ऑपरेशननंतरच्या सेवेत घ्या. नऊवारीचं एक टोक त्यांच्या हातात द्या. कूस बदलणाऱ्या माणसाला कधी पुरे झालं ते आपोआप कळायला लागतं, हे मी खूप घरांत बघितलंय. आणि ती वेळ आली तर काय होतं तेही त्यांना आधीच सांगून ठेवा: पहिल्या इंजेक्शननं कुत्रं गाढ झोपतं, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि काही मिनिटांत श्वास थांबतो. घरी, तिच्या जागेवर, तुमचा हात डोक्यावर असताना होतं. कायदाही यातनेतल्या जनावराला असं सोडवायला आडवा येत नाही.

वेळ कधी, हे मी इथून सांगू शकत नाही, पण कसं ओळखायचं ते सांगतो. ज्यूलीच्या तीन आवडी आजच लिहून ठेवा. तुमच्याकडं वेगळ्या असतील. अंडं-भाकरी, दूधवाल्यावर भुंकणं, रात्री तुमच्या पायाशी येणं, अशा काहीतरी. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज रात्री खूण करा, आज त्यातल्या किती झाल्या. मागचे पाय गेले तरी या तिन्ही राहू शकतात. एकच उरली, किंवा पुढचे पाय लटपटायला लागले, किंवा दुखणं औषधाला दाद देईना, तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन करा, आठवडा थांबू नका. दीरांना त्या दिवशी बोलवा. ते आज म्हणतायत तेव्हा ती भाकरी खातेय, त्या दिवशी त्यांची खरी गरज लागेल.

ऑपरेशनला नेताना तिची रोजची वाकळ बरोबर न्या. धुऊ नका, तशीच न्या. शुद्धीवर येताना ओळखीचा वास धीर देतो, आणि त्या वाकळेला तुमच्या घराचा वास आहे. गाठीचा रिपोर्ट आला की मला लिहा.